सखूची झाली सई

पुण्यातल्या कुठल्याही बालवाडीच्या दारात, शाळा सुटायच्या वेळेला, "सई!" अशी हाक मारून बघावी. निदान तीन मुली वळून बघतात, एक आई बघते, आणि 'साई' नावाचा एक मुलगा नाक पुसत पुढे येतो. चौथी मुलगी वळत नाही, कारण तिला घरी सगळे चिऊ म्हणतात आणि आपलं नाव सई आहे ही बातमी अजून तिच्यापर्यंत पोचलेली नाही. या चारही मुलींच्या आईबापांनी नाव ठेवताना एकच अट घातलेली असते: नाव वेगळं हवं.

हे 'वेगळं' कसं सापडतं, ते आमच्या घरात बघायला मिळालं. पुतणीला मुलगी झाली. बाळंतीण दवाखान्यातून घरी यायच्या आत 'बाळाचं नाव' असा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला आणि त्यावर अटी पडल्या. नाव दोन अक्षरी, फार तर तीन. जोडाक्षर नको, कारण मुलगी पुढे अमेरिकेला गेली तर तिथल्या लोकांची जीभ अडखळायला नको. (मुलीला तेव्हा स्वतःची मान धरता येत नव्हती, पण व्हिसा मिळाल्यात जमा होता.) नाव जुनाट नको आणि अतिनवंही नको. देवीचं नको. अर्थ असावा, पण सांगत बसावा लागू नये. एवढ्यावर भागलं असतं, पण विहीणबाईंनी पंचांग उघडलं आणि शततारका नक्षत्र, दुसरा चरण, अक्षर 'सा' असं जाहीर केलं. 'सा' नाही जमलं तर नुसता 'स' चालेल, अशी सवलतही त्यांनीच दिली.

मग सान्वी आली. जावयाच्या ऑफिसात दोघींच्या मुली सान्वी होत्या, म्हणून गेली. साक्षी म्हटलं तर कोर्टात उभी केल्यासारखं वाटलं. सायली मालिकेत होती. सावनी गाणं शिकावं लागेल म्हणून बाद. शेवटी आमच्या आईला, म्हणजे बाळाच्या पणजीला, कुणीतरी कानाशी तोंड नेऊन विचारलं. तिने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "सासूबाईंचं नाव ठेवा. सखू."

ग्रुपवर बराच वेळ कुणी काही टाइप केलं नाही. खरं म्हणजे सखू बहुतेक सगळ्या अटींत बसत होती. दोन अक्षरी, जोडाक्षर नाही, 'स'पासून सुरू, देवीचंही नाही. अमेरिकेतल्या माणसालाही म्हणता येईल. पण पुतणी पलंगावरून म्हणाली, "आजी, सखू म्हणजे नाटकात पडदा वर गेल्यावर टेबल पुसणारी बाई गं!" विषय मिटला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच ग्रुपवर टाकलं: 'सई. फायनल.' पुढे चार बदाम. सगळ्यांनी लिहिलं, वा, किती गोड, किती वेगळं.

सखू आणि सई हे एकच नाव आहे, हे सांगायची ती वेळ नव्हती. बाळंतिणीला त्रास होऊ नये.

दोघींचा उगम 'सखी'. प्राकृतात दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या 'ख'चा 'ह' होतो. 'घ' आणि 'ध'चीही तीच गत. मुखाचं मुह होतं, मेघाचा मेह होतो, वधूची वहू होते. तशी सखीची सही झाली. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत नायिका नवऱ्याच्या तक्रारी जिच्यापाशी सांगते ती ही सहीच. सातवाहन गेले, महाराष्ट्री प्राकृताची मराठी झाली, आणि वाटेत तो 'ह'सुद्धा कुणीतरी गिळला. उरली सई. राधिकेची राही झाली ती अशीच, आणि पांडुरंगाच्या आरतीत ती रखुमाईच्या शेजारी उभी असते. यूथिकेची जुई आणि जातीची जाई, तीच कथा. आज ज्या नावांना 'शॉर्ट अँड स्वीट' म्हणतात, ती आपल्या खापरखापर पणज्यांनी कामाच्या घाईत व्यंजनं टाकून दिल्यामुळे शॉर्ट झालेली आहेत.

सखीला लाडाने 'ऊ' लावला की सखू. यमुनेची यमू, गंगेची गंगू, भागीरथीची भागू, तशीच ही. एका घरातल्या दोन बहिणी. एकीच्या पुढे 'बाई' लागलं आणि तिच्या हातात केरसुणी आली, दुसरीला अकॅडमीत घातलं.

विहीणबाईंना मी वेगळा अर्थ सांगितला. गाथासप्तशतीचं मूळ प्राकृत नाव 'गाहा सत्तसई'. त्यातली सई म्हणजे शती, शंभर. तुमचं नक्षत्र शततारका, म्हणजे शंभर तारे. त्या इतक्या खूश झाल्या की बारशाच्या पत्रिकेत हे छापायचं म्हणाल्या. प्राकृताची हीच सोय आहे. मधली व्यंजनं उडाली की सतीचीही सई होते आणि इंद्राच्या शचीचीही. ज्याला जो अर्थ हवा तो त्याने न्यावा, भांडण नको.

इतिहासात या नावाची सगळ्यांत मोठी मानकरी फलटणच्या निंबाळकरांची लेक, शिवाजी महाराजांच्या थोरल्या राणीसाहेब सईबाई. १६४० साली पुण्यात लग्न झालं. १६५७ च्या मे महिन्यात पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म, आणि १६५९ च्या सप्टेंबरात, प्रतापगडाच्या प्रसंगाच्या दोन महिने आधी, राजगडावर त्या गेल्या. पायथ्याला पाल गावापाशी त्यांची समाधी आहे. हल्ली सई नावाच्या मुलीला शाळेतल्या वेशभूषा स्पर्धेत नऊवारी नेसवून नथ लावतात ती यांच्यासाठी. पण एवढं नेसवताना एक गोष्ट कुणी सांगत नाही. सईबाईंच्या थोरल्या लेकीचं नाव होतं सखूबाई. पुढे तिला फलटणलाच, महादजी निंबाळकरांना दिली. म्हणजे आईचं नाव सई आणि लेकीचं सखू. आमच्या पुतणीच्या हिशेबाने क्रम उलटा झाला. राजघराण्यात मुलीला आईपेक्षा जुनं नाव मिळालं. सतराव्या शतकात तसं कुणाला वाटलं नसावं. तेव्हा दोन्ही नावं घोड्यावर बसत होती.

मग सखूचं असं का झालं? माझा संशय कराडच्या संत सखूवर आहे, म्हणजे तिच्यावर नाही, तिची गोष्ट सांगणाऱ्यांवर. सखूला पंढरपूरला जायचं होतं. सासरच्यांनी तिला खांबाला बांधून घातलं. विठोबा तिच्या रूपात आला, तिला सोडवून वारीला पाठवलं, आणि तिच्या जागी स्वतः बांधून घेऊन पुढे घरची सगळी कामं केली. १९४१ साली प्रभातने 'संत सखू' काढला आणि ही गोष्ट पडद्यावरही गेली. आता या कथेत धुणीभांडी साक्षात परब्रह्माने केलेली आहेत. पण पुढच्या नाटकवाल्यांनी त्यातला विठोबा गाळला आणि धुणीभांडी ठेवली. घरकामाची बाई म्हटली की सखू किंवा गंगू, हे ठरून गेलं. आजही लेखकाला तिसऱ्या अंकापर्यंत बाईचं नाव सुचलं नाही तर तो सखूच लिहितो.

सईचं नशीब मात्र तेव्हाच फिरत होतं. १९३८ साली शकुंतला परांजपे यांना मुलगी झाली. आजोबा केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे, वडील रशियन चित्रकार. अशा घरात तान्या, सोनिया, नताशा काहीही खपलं असतं. नाव ठेवलं सई. या सई परांजप्यांनी पुढे 'स्पर्श', 'चष्मेबद्दूर', 'कथा' असे सिनेमे काढले आणि दिल्ली-मुंबईच्या लोकांना हे नाव श्रेयनामावलीत वाचायची सवय लावली. त्यांच्या आत्मकथनाचं नाव 'सय', म्हणजे आठवण. नावातला ई नुसता य झाला आणि पुस्तकाला शीर्षक मिळालं. आमच्यासारख्यांना शीर्षक सुचेपर्यंत लेखाची मुदत टळते. मग सांगलीची सई ताम्हणकर आली, आणि सईपुढे 'बाई' लावायची कुणाची हिंमत राहिली नाही. 'मिमी'मुळे तिला फिल्मफेअरही मिळालं. आता सई हे नाव ऐकून कुणाच्या डोळ्यांपुढे टेबल पुसणारी बाई येत नाही.

बाळाच्या नावाचा अर्थ शोधायचं वेड अलीकडचं, असं आमचे जावई म्हणतात. तसं नाही. पूर्वीही अर्थ बघून नावं ठेवत, कधी कधी फारच बघून. आमच्याच सातारा जिल्ह्यात तिसरी-चौथी मुलगी झाली की नकुशी नाव ठेवायची रीत होती. आता मुलगी पुरे, हा निरोप देवाला पोचावा म्हणून. २०११ साली जिल्हा प्रशासनाने अशा २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलली. त्या मुलींनी सिनेमातल्या नट्यांची, देवींची, मनाला येतील ती नावं घेतली. दहा-बारा वर्षं 'नको' अशी हाक ऐकलेल्या मुलीला ऐश्वर्या व्हावंसं वाटलं तर तिला फॅशनचं वेड म्हणणाऱ्याने आधी आपलं नाव तपासावं.

बारसं झालं. बारशाला आत्याचा मान असतो. जावयाची बहीण बंगळूरहून आली होती आणि तिला प्रसंगाचं गांभीर्य कळलेलं होतं. पाळण्याला फुगे, पाळण्याखाली वाटीत घुगऱ्या. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. आत्या वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि "कुर्रर्र" म्हणाली, त्यासरशी मागे टपून बसलेल्या बायकांनी तिच्या पाठीत असे धपाटे घातले की पुढचा शब्द तिच्या तोंडून "आई!" असा निघाला. नाव नक्की काय सांगितलं यावर थोडा वाद झाला. आमच्या आईने "सखू" असंच ऐकलं आणि समाधानाने घुगऱ्या खाल्ल्या.

नाव ठेवलं खरं, पण वापरतंय कोण? मराठी घराची ही जुनी खोड आहे. मृण्मयी ठेवली की तिची मिनू करतात आणि ऋतुजाची ऋतू. म्हटलं, सई दोनच अक्षरांची आहे, हिचं काय आखूड करणार? तर तिचं लांब केलं. सयू, सयडी, सईटली, सयाबाई, आणि राग आला की "सई अमुक तमुक" असं आडनावासकट. बापाचं नाव मधे घातलं की समजायचं, आता पाठीत बसणार.

खरी करमणूक सरकारी कागदांपासून सुरू झाली. कायदा तसा समजूतदार आहे. जन्मनोंदणीत बाळाचं नाव वर्षभरात फुकट घालता येतं, आणि विलंब शुल्क भरलं तर पंधरा वर्षांपर्यंत. म्हणजे विचार करायला सरकार पंधरा वर्षं देतं आणि घरची माणसं बारा दिवस. पण नाव देवनागरीत असलं तरी खुर्चीवरचा माणूस विचारतो, "स्पेलिंग?" आणि इथे सईचे आईबाप एकमेकांकडे बघायला लागतात. एस-ए-आय लिहावं तर साई होतं. एस-ए-ई लिहावं तर हिंदी वाचणारा 'साए' म्हणतो, म्हणजे सावल्या. एस-ए-वाय-ई-ई केलं की सायी. महेश मांजरेकरांच्या सईने आय लावून वर दोन ई लावल्या. पाच अक्षरं झाली, म्हणजे मराठीच्या अडीचपट, पण निदान कुणी 'बाबा' म्हणत नाही.

आधारचं केंद्र आमच्या घरापासून जवळ. देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत एका बाईंना मिळालं, तेव्हा महाराष्ट्राचा या कामातला अनुभव दांडगा असणार, अशा विश्वासाने आम्ही गेलो. जावयाने एस-ए-आय सांगितलं. केंद्रातल्या मुलाने टाइप केलं. शेजारच्या चौकटीत आपोआप 'साई' उमटलं.

"साई नाही, सई," पुतणी म्हणाली.

"ते मशीन घेतं ताई, आपण नाही टाकत."

"पण बदलता येतं ना? काना काढा."

त्याने काना काढला. 'सइ' झालं. त्याने ऱ्हस्वाचं दीर्घ केलं, तर कर्सर कुठेतरी गेला आणि 'सईई' झालं. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, आता पुढे 'गं' लावा. मुलाने सगळं पुसलं, कपाळाला हात लावला आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "साईच राहू द्या ना ताई. बाबांचं नाव आहे. मुलीचं कल्याण होईल." भिंतीवर शिर्डीची तसबीर होती, उदबत्ती नुकतीच विझलेली. एवढ्या पुराव्यापुढे काय बोलणार? घरी आलेल्या कार्डावर 'साई' आहे आणि खाली 'स्त्री'. तेव्हापासून तिच्या नावाने जे काही येतं ते चिरंजीवांना उद्देशून येतं. भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरंही हीच. त्यामुळे जावयाने हौसेने मुलीचं नाव इंटरनेटवर शोधलं, तर कुस्ती प्रशिक्षकांची भरती सापडली.

मोठी झाल्यावर सईला आणखी एका गोष्टीला तोंड द्यावं लागणार आहे. आमच्या गावाकडे सहीला 'सई' म्हणतात. "हितं सई करा" असं कारकून सांगतो. पुढे बँकेत कुणी तिला "सईची सई जुळत नाही" असं सांगितलं तर दोष कुणाचा, हे मला आत्ताच सांगता येत नाही. शब्दकोश तपासला तर ही सही अरबी-फारसीतून आलेली, तिची नि आपल्या सखीची काही सोयरीक नाही. पण खिडकीपलीकडच्या माणसाला कोश कोण दाखवणार?

महाराष्ट्राबाहेर या नावाचं काय होतं, हे जावयाने सांगितलं. त्याच्या ऑफिसात रायबरेलीचा एकजण आहे. पेढा घेताना तो आनंदाने ओरडला, "अरे वा, हमारी नदी का नाम रख दिया!" सई नावाची नदी खरंच आहे. रायबरेली तिच्याच काठी, आणि पुढे ती गोमतीला मिळते. गोदा, कृष्णा, यमुना ही नद्यांची जुनाट नावं नकोत म्हणून ज्यांनी इतका खल केला, त्यांच्या पदरात शेवटी नदीच पडली, आणि तीही उत्तर प्रदेशातली. बाकीच्या हिंदी मुलखाला हे नाव कळलं ते २०२० साली सुरू झालेल्या 'गुम है किसी के प्यार में' या मालिकेमुळे. तिची नायिका गडचिरोलीची सई जोशी. गाथासप्तशतीला जे साधलं नाही ते संध्याकाळच्या एका मालिकेने करून दाखवलं.

अमेरिकेची परीक्षा व्हिडिओ कॉलवर झाली. पुतणीच्या मैत्रिणीचा नवरा तिकडचाच. एस-ए-आय बघून तो म्हणाला, "हाय, साय!" इंग्रजीत त्याचा अर्थ उसासा. सगळी धडपड ज्यांच्या जिभेसाठी केली, त्यांनीच मुलीचा सुस्कारा केला म्हणून पुतणीचा चेहरा पडला. वहिनी, म्हणजे बाळाची आजी, मात्र शांतपणे म्हणाली, "बरोबरच म्हणतोय की तो. नात म्हणजे दुधावरची सायच."

लग्नात हे नाव बदलेल का, असा प्रश्न बारशालाच कुणीतरी काढला होता. पूर्वी ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं की मुलीचं जुनं नाव माहेरीच राहायचं. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना आणि रमाबाई रानडेही यमुनाच. दोघींच्याही यमुना मांडवात अडल्या. आता नाव बदलायचं कुणी सुचवलं तर मुलगी नवराच बदलेल. पण वेगळीच अडचण येणार आहे. सध्याच्या बालवाड्या बघता, वीस-पंचवीस वर्षांनी एकेका घरात सासरची सई आणि आलेली सई अशा दोन-दोन सया होतील. मग जुन्या वाड्यातल्यासारखं थोरली सई, धाकटी सई, माडीवरची सई असं सुरू होईल, आणि सासू "सई, चहा टाक" म्हणाली की दोघीही आपापल्या मोबाइलमधून मान वर काढणार नाहीत.

आता पुतण्याच्या बायकोला दिवस गेलेत. नवा ग्रुप निघालाय. पहिलीच अट पडली: सईसारखं नको, हल्ली सगळ्यांचंच सई असतं. सुनेने परवा कुठेतरी वाचून 'गोदा' सुचवलं. किती क्यूट, किती व्हिंटेज, म्हणून बदामांचा पाऊस पडला. आईला मोठ्याने सांगितल्यावर ती ताडकन म्हणाली, "गोदा? अगं, गोदी म्हणजे वाड्यातल्या नळावर माझी बादली बाजूला सारून आपली लावणारी! तिचं नाव माझ्या पणतीला? माझ्या जिवंतपणी नाही!" सून हिरमुसली, पुतण्या गोदावरीचं माहात्म्य सांगायला लागला, आई म्हणाली नदीबद्दल माझं काही म्हणणं नाही, बादलीबद्दल आहे. मुलगा झाला तर काय, याचा विचार अजून कुणी केलेला नाही.